हाड ऐकतं तोवर

त्या वर्षाची आठवण आली की मला आधी उजेड आठवतो. पॉलिहाऊसमधला उजेड, वरच्या प्लॅस्टिकमधून गाळून आलेला, पांढुरका, सावली न पाडणारा. पवनेच्या रस्त्याला गुलाबाचं एक पॉलिहाऊस आहे, तिथं मी सुपरवायझर. शनिवारी शाळा सकाळची असायची. जेवणं झाली की माझी लेक मोटरसायकलवर मागं बसून माझ्याबरोबर यायची, तोंडावर ती निळी चौकट चढवायची आणि गुलाबाच्या दोन ओळींमधून पार टोकापर्यंत चालत जायची. कपाळावर एक गादी, हनुवटीवर एक गादी, दोन्हींना जोडणारी दांडी नाकासमोरून खाली, आणि ओठांपुढं एक आडवी तार. त्या तारेपासून दोन बारीक रबरं तिच्या तोंडात शिरायची. आतून पाण्याचा फवारा सुरू असला की तिचं अंग दिसायचं नाही, नुसतं निळं काहीतरी पुढं सरकत यायचं. मग ती दिसायची. मला ते सगळं आता झोपेत पाहिल्यासारखं वाटतं.

ती तेव्हा आठ वर्षांची होती. तोंड मिटलं की तिचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढं यायचे. माझे अजून येतात. माझ्या वडिलांचे यायचे, त्यांच्या वडिलांचा एकच फोटो आहे, त्यात मिशीखालून हनुवटी अशी पुढं आलीय की फोटो काढणाऱ्याशी भांडण झालं असावं. शाळेत मला ड्रॉवर म्हणायचे. "ए, ड्रॉवर बंद कर." मी मारामाऱ्या केल्या, पण नाव काही गेलं नाही. लोकांचा राग नाकावर असतो म्हणतात, माझा हनुवटीवर आहे. मी नुसता गप उभा राहिलो तरी समोरच्याला वाटतं हा वाद घालायला आलाय. आणि एकदा त्याला तसं वाटलं की मग मीही घालतो, मागं कशाला राहायचं.

माझी थोरली बहीण औंढ्याला दिलेली आहे. तिचीही तीच ठेवण. पोरीचे दुधाचे दात आले आणि ते उलटे बसले, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. पोरीची हनुवटी दोन बोटांत धरून ती म्हणाली, "पितृमुखी कन्या सदा सुखी. बापाचं तोंड घेऊन आली, नशीब काढलंन् पोरीनं." मग स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. तेव्हापासून आमच्या भाजे गावात कुणाच्या घरी बारसं असो, साखरपुडा असो, एखादी म्हातारी पोरीला जवळ ओढायची आणि हेच म्हणायची. पोरगी ऐकून ऐकून मोठी झाली. मलाही बरं वाटायचं. ज्या तोंडावरून मी मार खाल्ला आणि दिला, ते कुणाला तरी शुभ वाटत होतं.

डॉक्टरकडं न्यायचं काढलं ते बायकोनं. शाळेत दात तपासायला कुणी आले होते, त्यांनी चिठ्ठी दिली. मी म्हटलं, "माझं काय अडलं गं?" ती भाकरी थापत होती. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं, परत भाकरीकडं बघितलं आणि म्हणाली, "बुधवारी जायचंय. सुट्टी टाका."

मळवलीवरून लोणावळा म्हणजे एकच स्टेशन. लोकलमध्ये बसेपर्यंत उतरायची वेळ होते. दवाखाना बाजाराच्या मागं, जिना चढून वर. डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण बोलायला पक्क्या. त्यांनी पोरीला खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा फिरवला आणि आम्हाला म्हणाल्या, "सगळ्यांना वाटतं खालचा जबडा पुढे आलाय. तसं नाहीये. वरचा मागे राहिलाय. त्याला धरून पुढे आणायचं."

"आणि न्हाई आणलं तर?" मी विचारलं. विचारलं म्हणजे भांडणाच्याच सुरात, मला दुसरा सूर येत नाही.

"आत्ता हाड ऐकतं," त्या म्हणाल्या. "अजून वर्षभर ऐकेल, फार तर थोडं जास्त. मग नाही ऐकत. मग वाढ पूर्ण झाल्यावर ऑपरेशन. जबडा कापून पुढे-मागे बसवावा लागतो."

जबडा कापून. त्यापुढं त्या काय बोलल्या ते बायकोनंच ऐकलं. चौकट संध्याकाळी घालायची ती सकाळपर्यंत, शाळेला जाताना काढायची, सुट्टीच्या दिवशी जमेल तितकी जास्त. रबरं रोज नवी. ओढ रबराची असते, चौकट नुसती टेकायला. मग त्यांनी पोरीचा बाजूनं फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर हळूहळू तिचा वरचा ओठ पुढं आणून दाखवला. सगळं नीट झाल्यावर अशी दिसशील, म्हणाल्या. पोरगी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेली आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, खूश झाली.

आधी टाळूला एक प्लेट बसवली. तिला बारीक भोक, त्यात तारेची किल्ली घालून ती रोज थोडी फिरवायची. हे काम बायकोचं. संध्याकाळी पोरगी उंबऱ्यावर डोकं मागं टाकून आऽ करून बसायची आणि तिची आई बॅटरीच्या उजेडात किल्ली फिरवायची. मी बाहेर जाऊन उभा राहायचो. समोर लोहगडावर ढग उतरलेला असायचा, खाचरांत पाणी, इंद्रायणी भाताचा तो ओला वास, आणि मागून बायकोचा आवाज, "झालं, झालं, गिळ आता." मला कुणी काही करायला सांगत नव्हतं. माझे हात आपले रिकामे.

मग चौकट आली. पहिले काही दिवस तिची लाळ गळायची, स ला श म्हणायची, उशी ओली व्हायची. हनुवटी लाल व्हायची तिथं बायको खोबरेल लावायची आणि गादीखाली जुन्या सुती साडीचा तुकडा ठेवायची. घर बदलल्यासारखं झालं. झोपलेलं पोर कुशीवर वळेना, पाठीवर सरळ, हात दोन्ही बाजूंना, छतावर काहीतरी लिहिलेलं वाचत असल्यासारखं. पहाटे मी उठून बघायचो तर त्या निळ्या दांडीवर तिच्या श्वासाचं दव बसलेलं असायचं. मी ते बोटानं पुसायचो. का पुसायचो माहीत नाही.

शनिवार-रविवारी आमच्या दारावरून लेण्यांकडं जाणारी माणसं. पोरगी ओट्यावर बसलेली असली की ती थांबायची. एका पाहुण्यानं गाडीची काच खाली करून विचारलं, "अ‍ॅक्सिडेंट झाला का हो?"

"व्हय," मी म्हटलं. "माझ्या पोटी आली."

त्यानं काच वर केली. पोरगी खुदकन हसली, बायको मात्र हसली नाही.

पॉलिहाऊसवरच्या बाया बऱ्या. गुलाबाची कळी लवकर उमलू नये, लांब भरावी म्हणून आम्ही प्रत्येक कळीवर जाळीची टोपी चढवतो. लांबून बघितलं तर सगळ्या ओळींवर पांढऱ्या टोप्या. त्यातल्या एका मावशीनं पोरीला बघून कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "हिला बी टोपी घातली व्हय रं? मंग माल लांब निघंल." पोरीला ते इतकं आवडलं की ती मावशीच्या मागं मागं टोप्या चढवत फिरायची. तो फवारा, ते पांढरं छत, टोप्या, आणि मधून जाणाऱ्या त्या दोघी. मी हजेरी घ्यायची सोडून बघत राहायचो.

सगळं सुरळीत चाललंय असं मी समजत होतो. फक्त रबरं पुरेनात. डॉक्टरीणबाई पुडकं द्यायच्या ते पुढच्या भेटीच्या कितीतरी आधी संपायचं. सकाळी उठावं तर चौकट तोंडावर जागच्या जागी आणि रबरं गायब. "झोपेत तुटली," पोरगी म्हणायची. आम्ही परत नवी लावायचो, ती परत तुटायची.

एका संध्याकाळी पुडकं पार रिकामं झालं. लोणावळ्याला जायला दोन-तीन दिवस होते. माझं डोकं फिरलं. कंपनीचा माल असलाच, म्हटलं, सगळा नाजूक. आमच्या पॅकिंग शेडमध्ये गुलाबाच्या गड्ड्या बांधायला रबरं असतात, ती कधी तुटल्याचं मला आठवत नाही. मूठभर खिशात घालून आणली. एकेक दुहेरी करून, नीट ताण बघून, माझ्या हातानं लावली. आजवर या सगळ्यात मला काही काम नव्हतं, ते मिळाल्याचा आनंदच झाला. बायको म्हणाली, "अवो, डॉक्टरला इचारा तरी." मी म्हटलं, "आयुष्य गेलं माझं रबरं लावण्यात." सकाळी पोरीच्या हनुवटीची एक बाजू जास्वंदीसारखी लाल झालेली आणि मागची एक दाढ ठणकत होती.

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं ते रबर उचललं आणि उजेडात धरलं. "हे काय आहे?"

"गुलाबाचं रबर," मी म्हटलं.

"जबडा आहे हो तो. गड्डी नाही." पण त्या ओरडल्या नाहीत, त्यामुळं मला जास्त भीती वाटली. त्यांनी पहिल्या दिवशीचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवले. "हे एका रात्रीचं आहे, बरं होईल. माझा प्रश्न वेगळाच आहे. इतके महिने झाले आणि हाड जागचं हललेलं नाही. हिला ओढच मिळाली नाहीये."

"आमच्या डोळ्यासमोर घालती की."

"चौकट घालते," त्या म्हणाल्या आणि पोरीकडं वळल्या. "रबरं कुठे जातात, बाळा?"

पोरगी आपल्या चपलांकडं बघत होती. मग म्हणाली, "खिडकीतनं खाचरात टाकते. पप्पा-मम्मी झोपले की."

त्यांनी आम्हाला नवीन पुडकं दिलं आणि जाताना मला एकट्याला म्हणाल्या, "आता वाया घालवायला वेळ नाही उरला. रागावू नका, पण का ते विचारा." ही माणसाला सांगायची गोष्ट का, रागावू नका म्हणून.

त्या दिवशी बायको बरोबर नव्हती. स्टेशनवर पुण्याकडं जाणाऱ्या लोकलला अवकाश होता. धुकं असं दाट की समोरचा फलाट दिसेना, नुसते आवाज यायचे, कुणाच्या बॅगेची चाकं, कुणाचा खोकला. आम्ही बाकावर बसलो. मी तोंड उघडलं असतं तर सगळा फलाट ऐकत राहिला असता, म्हणून मी गप्प होतो. पोरीची चौकट तिच्या मांडीवर पिशवीत. अखेर मी विचारलं, "दुखतं म्हणून टाकतेस का?"

"न्हाई."

"पोरं चिडवत्यात?"

"चिडवत्यात. पण त्याच्यामुळं न्हाई." मग तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला. "त्या कॉम्प्युटरमधी माझं तोंड दाखवलं ना, ते तुमचं नव्हतं."

"बरं, मग?"

"आत्या म्हणती बापाचं तोंड असलं की पोरगी सुखी. ते तोंड गेलं तर मग?" मी काही बोलायच्या आत ती पुढं म्हणाली, "आणि तुमाला वाटंल, हिला माझं तोंड नको झालं."

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. गेला खरा. मी उठून दोन पावलं चाललो आणि परत येऊन बसलो. इतके महिने ही पोरगी अंधारात उठून स्वतःच्या तोंडातली रबरं काढून टाकत होती, माझ्यासाठी. आणि मी तिला गड्डीची रबरं लावली.

धुक्यातून एक पेरूवाली आली. मी एक पेरू घेतला, कापू नका म्हटलं, मीठ नको म्हटलं. पोरीला म्हटलं, "बघ हं," आणि पेरू तोंडाला लावून पुढच्या दातांनी चावलो. दात पेरूवरून घसरले. परत चावलो, परत घसरले, हनुवटी तेवढी ओली झाली. पेरूवाली टोपली खाली ठेवून बघायला लागली.

"असं काय करता?" पोरगी म्हणाली.

"असंच होतं. उभ्या जन्मात मला पेरू चावता आला न्हाई. भाकरी मी बाजूनं खातो ती का? लग्नात तुझ्या आईनं मला लाडूचा घास भरवला, पुढच्या दातांनी तुकडा पडंना. सगळा लाडू कोंबला तोंडात. मांडव हसला. सगळ्यांना वाटलं नवरा अधाशी हाय."

"मम्मीला बी?"

"तिला अजून तसंच वाटतं. मी कुणाला सांगितलं न्हाई. मला लय दिवस वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं. मग कळलं, नसतं. मग सांगायची लाज वाटाय लागली."

तिनं पेरू माझ्या हातातून घेतला आणि स्वतः चावून बघितला. तिचेही घसरले. ती हसायला लागली, मला तिचं हसू लागलं, पेरूवाली म्हणाली, "कापून देते बाबांनो, फळाचे हाल करू नका." आम्ही दोघं ओल्या हनुवट्या घेऊन बसलो होतो.

मग मी तिला मनातलं सांगितलं. मला जमत नाही तसलं बोलायला, तरी बोललो. म्हटलं, "मला तुझं तोंड आवडतं, ते माझं हाय म्हणून न्हाई. तुझं हाय म्हणून. ते कसं बी झालं तरी मला वळखू येईल. आणि सुखाचं म्हणशील तर, पेरू खाता येणं हे बी सुखच हाय गं."

तिनं थोडा वेळ विचार केला. विचार करताना ती खालचा ओठ पुढं काढते, तेही माझंच. मग पिशवी उघडून तिनं चौकट बाहेर काढली आणि तिथंच, फलाटावर, चिक्कीचे डबे घेऊन चाललेल्या पाहुण्यांच्या देखत चढवली. रबरंही तिनंच लावली, आधी उजवं, मग डावं. लोकल आली तेव्हा धुक्यातून आधी तिचा दिवाच दिसला.

पुढचे महिने मला एकात एक मिसळून आठवतात. भात पिवळा झाला, कापला, खाचरं सुकली, थंडीत पॉलिहाऊसच्या प्लॅस्टिकवर आतून थेंब धरले. रबरं पुरायला लागली. एके सकाळी ती ब्रश तोंडात धरून धावत आली आणि म्हणाली, "पप्पा, दात दातावर आपटत्यात." खालचे वरच्यांच्या पुढं नव्हते, मागंही नव्हते, टोकाला टोक लागत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दारात आलंय, सोडू नका. आम्ही सोडलं नाही. उन्हाळा लागायच्या सुमाराला वरचे दात खालच्यांवर उतरून बसले. मी रोज तिला तोंड मिटायला लावायचो, ओठ उचलून बघायचो आणि ती वैतागायची.

शेवटच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो दाखवले. माझ्याच्यानं पहिला फोटो जास्त वेळ बघवला नाही. त्यात मी होतो. दुसऱ्यात ती होती, गोड होती, आणि मी नव्हतो. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात माझी बहीण औंढ्याहून आली. वर्षभर तिच्याकडं आजारपण होतं, पोरीला तिनं या सगळ्यात बघितलंच नव्हतं. बायकोनं चहा टाकला. पोरगी पाया पडायला वाकली, उठली, आणि बहिणीनं तिची हनुवटी धरली ती धरूनच ठेवली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "ही तर आईवर गेली." मग माझ्याकडं वळून, "आपलं तोंड मोडून टाकलंस व्हय रं?"

आणि ते खरं होतं. बायको चुलीपाशी पाठमोरी तशीच थांबली.

"न्हाई आत्या," पोरगी म्हणाली. तिचा हात आत्याच्या हातावर होता. "तोंड पप्पांचंच हाय. त्यांचं कुणी नीट केलं न्हाई, एवढंच. तुमचं बी."

माझी बहीण हसायला गेली. ती हसताना कायम पदर तोंडावर घेते, तिच्या लग्नाच्या फोटोतही घेतलेला आहे, आणि इतक्या वर्षांत ते का, असं मी तिला कधी विचारलं नव्हतं. आताही पदर वर आला. पण हसू आलंच नाही. पदर तोंडावर धरून ती पोरीकडं बघत राहिली. मग तिनं आवाज अगदी बारीक केला, माझ्यापासून चोरून बोलल्यासारखा.

"आता न्हाई का गं व्हायचं माझं?" ती म्हणाली.

पोरीनं माझ्याकडं बघितलं. बायकोनं चहाचा कप आणून आत्याच्या पुढं ठेवला आणि तिच्या शेजारी खाली बसली.